दत्ताची गाठ

भरे, १५ जून

दत्तामामा,

पत्राच्या वरती मोठ्यांना काय लिहायचं असतं ते मला येत नाही. आमच्या शाळेत 'डिअर अंकल' शिकवलं होतं. तसं लिहिलं तर तुम्ही हे पत्र चुलीत घालाल, म्हणून नुसतं दत्तामामा.

मी ऋतिका, उज्वलाची मुलगी. तुम्ही मला पाळण्यात पाहिलंय, असं आई एकदाच म्हणाली होती आणि लगेच भांडी आवरायला उठली होती. तुम्ही दोघं का बोलत नाही ते मला कोणी कधी सांगितलं नाही. आमच्या शेजारी सारजाबाई राहतात, त्यांचं माहेर तुमच्याच बाजूचं. त्या म्हणाल्या, तुमच्या वाडीवर रेंज नसते, पण ताम्हिणीला हैबतरावांच्या ढाब्यावर पत्र पाठवलं की पोचतं, तुम्ही शेरडं घेऊन तिथूनच जाता. हे सांगताना त्यांनी आधी आमच्या दाराकडे बघून घेतलं. आमच्या घरात तुमचं नाव घेत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच.

आईला कॅन्सर झालाय. स्वादुपिंडाचा. म्हणजे पोटात अगदी मागे, पाठीला लागून एक अवयव असतो, तिथे. उशिरा सापडला, म्हणून ऑपरेशन करता येत नाही, केमो चालू आहे. आईला आम्ही 'साधी गाठ आहे' एवढंच सांगितलंय. घरात कोणी दुसरा शब्द वापरत नाही. गाठ दुखते का, गाठ लहान झाली का. भेटायला येणारे पण तेच विचारतात.

पण हे पत्र तुमच्याबद्दल आहे.

एप्रिलमध्ये आईची तपासणी झाली. तोंडातून नळी घालून गाठीचा तुकडा घेतात, त्याला थोडी भूल देतात. भुलीतून बाहेर येताना ती बोलायला लागली. तुम्हाला एक सांगायला हवं, आई माझ्याशी कधीच गावाकडचं बोललेली नाही. मी केजीत असताना शाळेने पालकांना सांगितलं होतं, घरी मुलांशी इंग्लिश बोला, निदान शुद्ध तरी बोला. इंग्लिश तिला जमलं नाही, मग तिने स्वतःचं मराठी बदललं. 'हाय'चं 'आहे' केलं. इतकं नीट केलं की मला कधी कळलंच नाही तिने काही बदललंय. आणि त्या दिवशी त्या कॉटवर कोणी दुसरीच बाई बोलत होती. हातातली सुई दाखवून म्हणाली, "ह्ये काय टोचलंया?" मग माझं मनगट धरलं आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "दत्त्याची गाठ ऱ्हायली."

मी म्हटलं, काय राहिली?

"गाठ गं. दत्त्याची." आणि रडायला लागली.

मामा, मी पुण्यात एका लॅबमध्ये काम करते. एमएस्सी झाल्यापासून ह्याच आजारावर. त्यामुळे मला तिथेच सगळं जुळत गेलं. आजोबा पण पोट धरूनच गेले, असं सारजाबाई सांगतात. काही घरांत हा आजार रक्तातून येतो. म्हणजे तुम्हालाही गाठ आहे, आईला ते ठाऊक आहे, आणि ती तशीच राहिलीय, कोणी काढलेली नाही. मी आईला नंतर शुद्धीवर असताना विचारलं, तर ती घाबरून म्हणाली, मी असं काही बोलले नाही, आणि पप्पांना सांगू नकोस.

प्लीज, मला कळवा. कधीपासून आहे? पोटात आहे की दुसरीकडे? वजन कमी झालंय का? माणगावला सोनोग्राफी होते. लवकर सापडली तर काढता येते. आईचं ते झालं नाही, तुमचं होऊ शकतं. मी स्वतः आले असते, पण लॅब नाहीतर हॉस्पिटल, आणि पप्पा म्हणतात त्या घाटात आपलं कोणी नाही.

माझा नंबर खाली लिहिलाय.

ऋतिका


भरे, ६ जुलै

दत्तामामा,

मी ढाब्यावर फोन केला होता. हैबतराव म्हणाले, पत्र आलं, त्यांच्या सुनेने, रेश्माने, तुम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तुम्ही ऐकलंत, चहा तसाच ठेवलात आणि शेरडं हाकत गेलात.

मला वाटतं तुमचा विश्वास बसला नसेल. कोण कुठली पोरगी आणि म्हणते पोट तपासा. म्हणून ह्या वेळी नीट समजावते. आमच्या सुनीती मॅडम, म्हणजे लॅबच्या हेड, म्हणतात मी समजावायला लागले की मला थांबवायला लागतं.

गाठ म्हणजे नुसता कॅन्सर नसतो. स्वादुपिंडाच्या गाठीत तर कॅन्सरच्या पेशी थोड्याच असतात, बाकीचं सगळं त्यांच्या आजूबाजूचं असतं. साध्या पेशी. त्यांना वाटतं शरीराला जखम झालीय, म्हणून त्या भरून काढायला धावत येतात आणि चिवट दोऱ्यांचं जाळं विणत बसतात. विणता विणता ते इतकं घट्ट होतं की रक्ताच्या नळ्या दाबल्या जातात. मग रक्तातून आलेलं औषध आत पोचत नाही. हवा पण पोचत नाही, पण आतल्या पेशी त्याची सवय करून घेतात, हळूहळू वाढतात, आणि औषध तर जोरात वाढणाऱ्यांनाच मारतं. वर ह्या आजूबाजूच्या पेशी त्यांना खायला घालतात. म्हणजे बघा ना, कोणीच वाईट हेतूने काही करत नाहीये. सगळे आपापल्या परीने जपतायत.

आम्ही काय करतो, त्याच कॅन्सरच्या पेशी एकट्या सपाट डबीत वाढवतो आणि औषध घालतो. मरतात. मग त्याच पेशींचा आजूबाजूच्या पेशींसकट बारीक गोळा करतो, खसखशीएवढा, आणि तेच औषध घालतो. जगतात. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा लॅबमध्ये उडीच मारली होती. आता ती उडी आठवली की मला कसंतरी होतं.

कारण आईची गाठ आमच्या लॅबमध्ये आहे. तिच्या तपासणीतलाच एक बारीक तुकडा. तिने स्वतः सही केली. मी सांगितलं तर म्हणाली, "गाठ नेऊन काय करणार? लोणचं?" मग म्हणाली, तुझ्या कामाला येत असेल तर ने की. तिच्या पेशी लागल्या, म्हणजे रुजल्या, वाढायला लागल्या. सगळ्यांच्या नाही लागत. सुनीती मॅडमनी मला बजावलंय की त्या डबीला मी हात लावायचा नाही, ती माझ्याबरोबर काम करणारा वाल्मीक बघेल. मी हात लावत नाही. मी फक्त बघते. त्या ज्या पाण्यात राहतात ते गुलाबी असतं, पेशींनी त्यातलं खाल्लं की पिवळं पडतं, मग वाल्मीक ते बदलतो. मामा, आई दिवसभरात चमचाभर पेज घेते, ती पण उलटते. आणि इथे डबी उघडली की पाणी पिवळं असतं. मी एकदा वाल्मीकला म्हणाले, खाल्लं वाटतं तिने. त्याने डबी उचलून मागच्या कप्प्यात ठेवली.

तिसरी केमो झाली. गाठ लहान झालेली नाही. आईला आम्ही सांगितलं, झाली.

आणि ती पुन्हा म्हणाली. दुखायचं औषध घेतलं की तिची ती दुसरी भाषा येते. परवा म्हणाली, "मला दत्त्याची गाठ घ्यायची हाय." मी म्हटलं, आई, तू कशी घेशील, डॉक्टर घेतील ना. तर माझ्याकडे असं बघितलं जसं मीच भुलीत आहे. म्हणाली, "डॉक्टर कशाला मधी?" आणि झोपली. मला हसू आलं. एवढी आजारी आहे आणि तुमचं ऑपरेशन स्वतः करायला निघालीय.

तर तिच्यासाठी तरी जा. माणगावला जा.

ऋतिका


भरे, २८ जुलै

मामा,

"मामाला तुमी म्हनत्यात व्हय?" असं तू म्हणालास, म्हणून आता तू.

तुझा फोन आला तेव्हा मी पिरंगुटच्या स्टॉपवर उभी होते आणि कंपनीच्या बस अशा हॉर्न मारत होत्या की पहिलं वाक्य गेलंच. मला वाटलं कोणी कुरिअरवाला आहे. मग तू म्हणालास, "अक्षर लई वाकडं हाय तुजं, रेश्मा वाचताना ठेचाळती," आणि मी तिथेच हसायला लागले. एवढ्या वर्षांत माझ्या अक्षराला नाव ठेवणारा मामा मला हवाच होता.

तू खरंच माणगावला गेलास. डॉक्टरने पोट बघितलं, पाठीकडून बघितलं आणि विचारलं, गाठ आहे म्हणून कोणी सांगितलं, तर तू म्हणालास भाचीने. मला इतकं बरं वाटलं ना. मग तू बराच वेळ गप्प होतास. तुझ्याकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता, मला वाटलं फोन कटला. मग म्हणालास, "तिला सांग. गाठ न्हाई." मी विचारलं, एवढंच? "एवढंच सांग."

मी पळतच घरी गेले. पप्पा बाहेर होते. आई जागी होती, उशीला टेकून. मी म्हटलं, आई, दत्तामामाचा फोन आला होता. तिने हात पुढे केला. मी तिला घाई घाईत सांगून टाकलं, तुझ्याच शब्दांत, म्हणजे तिला खरं वाटेल. "गाठ न्हाई. असंच म्हणाला."

मला वाटलं होतं ती हसेल, निदान सुटकेचा श्वास टाकेल. तिने पुढे केलेला हात मागे घेतला.

"त्यो म्हनला आसं? त्याच्या तोंडानं?"

मी म्हटलं, हो. आता विषय संपला, तू डोक्यातून काढून टाक.

सोनोग्राफीबद्दल तिने काहीच विचारलं नाही. विचारलं काय, तर तुझा आवाज कसा आहे. मी म्हटलं, घोगरा, दिवसभर शेरडांवर ओरडल्यासारखा. तेव्हा मात्र जरा हसली. म्हणाली, "मंग बाचाच हाय. बा बी आसाच बोलायचा." आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

तेव्हापासून ती तुझं नाव काढत नाही. पेज पण नको म्हणते. पप्पा म्हणतात औषधाने तोंडाची चव जाते. डॉक्टरांनी केमो थांबवलीय. खरं तर वाल्मीकने मला आधीच दाखवलं होतं. आमच्याकडे एक रंग घालतात, मेलेल्या पेशी लाल दिसतात, जिवंत हिरव्या. आईच्या गोळ्यावर औषध घातलं तर कडेकडेने लाल झालं, आणि मध्ये सगळं हिरवंगार. कोणी आत दिवा लावून ठेवल्यासारखं. दिसायला इतकं सुंदर होतं की मला मान फिरवता येईना.

मामा, एक काम करशील? तू स्वतः आईला फोन कर. तुला गाठ नाही हे तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला पटेल. मला वाटतं तिचा माझ्यावर विश्वास नाही. आणि लवकर कर.

तुझी ऋतिका


भरे, २४ ऑगस्ट

मामा,

सावडायच्या दिवशी तू आला होतास.

सगळे राख गोळा करत होते आणि तू पलीकडे, करंजाच्या झाडाखाली, घोंगडी घेऊन उभा होतास. मी तुला कानांवरून ओळखलं. आईचे कान तसेच होते, पाळी गालाला चिकटलेली. मी तुझ्याकडे निघाले तर पप्पांनी हाक मारली, आणि परत बघितलं तर तू नव्हतास. स्मशानातल्या शेडच्या खांबाला पिशवी अडकवलेली होती. त्यात हिरवं लुगडं. सारजाबाई म्हणाल्या, माहेरचं आहे, सवाष्णीला नेताना अंगावर घालायचं असतं. पण आमच्याकडून तुला कोणी कळवलंच नव्हतं. सारजाबाईंनी ढाब्यावर निरोप दिला, तो दुसऱ्या दिवशी तुला मिळाला. तोपर्यंत कशावर घालायचं काही राहिलं नव्हतं.

पिशवी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "भावाची गाठ ऱ्हायली बग शेवटी तिची."

मी पटकन म्हटलं, नाही हो, मामाला गाठ नाहीये, सोनोग्राफी क्लिअर आली.

"काय बोलतीयास?" राखेचे हात तसेच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "गाठ म्हंजी भेट, बाय माजे. भेट झाली न्हाई, म्हनतीया मी."

मी तिथेच खाली बसले. बायका म्हणाल्या, रडू द्या तिला. मी रडत नव्हते. मी सगळी वाक्यं परत पहिल्यापासून ऐकत होते. दत्त्याची गाठ ऱ्हायली. मला दत्त्याची गाठ घ्यायची हाय. डॉक्टर कशाला मधी. आणि मग माझं, धावत आत जाऊन, आनंदाने.

मामा, मी दिवसभर गाठ गाठ करत असते. कामावर गाठ, हॉस्पिटलमध्ये गाठ, घरात गाठ. मला दुसरा अर्थ सुचलाच नाही. आणि पप्पांना विचारलं असतं तर त्यांनी एका सेकंदात सांगितलं असतं. पण पप्पांसमोर तुझं नाव काढायचं नाही, आईसमोर आजाराचं नाव काढायचं नाही. प्रत्येकजण दुसऱ्याला जपत होता. मला चित्र काढून समजावता येतं हे. मी तुला समजावलं पण होतं.

सारजाबाईंनी मग जुनं पण सांगितलं. आजोबा गेले तेव्हा तू आईला न्यायला इथे आला होतास. मी पाळण्यात होते. ओल्या बाळंतिणीला मयताला पाठवत नाहीत म्हणून आमच्या घरच्यांनी तिला उंबऱ्याबाहेर येऊ दिलं नाही. तुला वाटलं, मोठ्या घरात पडली, आता बापाचं तोंड बघायला पण येत नाही. तू फाटकातून ओरडलास, आता तुझी माझी गाठ नाही. आई आत होती. तिने ते ऐकलं.

म्हणजे मी तिला तेच वाक्य परत नेऊन दिलं. तुझ्याच शब्दांत.

एकच विचारायचंय, आणि तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. रेश्माने माझी पत्रं शब्द न् शब्द वाचली होती. आई काय म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहिलं होतं. मला कळलं नाही, मी इंग्लिश मीडियमची. तू ताम्हिणीचा आहेस. तुला ती काय म्हणतेय ते कळलं नसेल? मग पत्र्यावरचा पाऊस ऐकत तू एवढा वेळ गप्प राहिलास आणि 'गाठ न्हाई' म्हणालास, ती कुठली गाठ? मी कधी म्हणते, पोटातलीच. एका भाचीच्या वाकड्या अक्षरावर विश्वास ठेवून जो माणगावला जाऊन पोट दाखवून आला, तो माणूस तसं कशाला बोलेल? आणि कधी तुझ्या त्या गप्प बसण्याचाच आवाज येतो.

माझं तिसरं पत्र तुला केव्हा मिळालं ते पण मला माहीत नाही. दरड पडून घाट बंद होता, टपाल अडकलं होतं, असं हैबतराव म्हणाले. मी त्यांना तारीख विचारली नाही.

आई शेवटी फार बोलली नाही. पण मला वाटतं तुझा आवाज तिच्याजवळ होता. घोगरा, आजोबांसारखा. एकदा पप्पांना म्हणाली, "बा आलाय का भायेर?" पप्पा जाऊन बघून पण आले.

आता स्वयंपाकघरात कोणी नसलं की मी तिचं बोलणं बोलून बघते. हाय. न्हाई. कुटं ठिवलंयास. माझ्या तोंडात बसत नाही. पण कधी एखादा शब्द असा बरोबर लागतो की मी मागे वळून बघते. काल 'चा घेतीस का' म्हणाले आणि उत्तराची वाट बघत उभी राहिले. दूध उतू गेलं.

आणि लॅबमध्ये ती डबी आहे.

सुनीती मॅडमनी मला खोलीत बोलावून विचारलं, बंद करायचं का. जबरदस्ती नाही म्हणाल्या, तू सांगशील तसं. बाकीच्यांचे नमुने आहेत, काम अडणार नाही. वाल्मीक अजून पाणी बदलतो. मी गेले की तो बाजूला होतो आणि मला बघू देतो. आई गेली त्या दिवशी पण पाणी पिवळं झालं होतं, त्याने मला ते नंतर सांगितलं, सांगू की नको करत. तिच्या पेशींना माहीतच नाहीये. त्या गरम आहेत, एकमेकींना धरून आहेत, आणि वाढतायत. मला त्यांची भीती वाटते, मामा. त्यांनीच तिला नेलं. आणि सुट्टीच्या दिवशी त्या एकट्या आहेत म्हणून मला चैन पडत नाही.

मी मॅडमना अजून हो पण म्हटलं नाही आणि नाही पण. मी म्हटलं, तिच्या भावाने बघितलेलं नाही. त्या म्हणाल्या, आण त्यांना. एकदा.

खसखशीएवढं आहे. मायक्रोस्कोपला डोळा लावून बघायला लागतं, चष्मा असेल तर काढून. वाल्मीक तुला दाखवेल, त्याला सांगितलंय तोवर बंद करू नको. त्यानंतर काय करायचं ते आपण दोघं ठरवू. लुगडं मी जपून ठेवलंय, घडी मोडलेली नाही.

आता घाट उघडलाय. एसटीने ये, पिरंगुटला उतर, मी स्टॉपवर असेन. पप्पांना मी सांगितलंय तू येणार आहेस. तुझं नाव घेऊनच सांगितलं. ते नाही म्हणाले नाहीत.

मामा, आईची गाठ अजून हाय. घ्यायला ये.

ऋतिका